खेळातले दुकान, पण गिऱ्हाईक खरे

आमच्या भाईजानचे कापडाचे दुकान आहे. त्यांचा मुलगा आठवीत शिकतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एके दिवशी दस्तरखानावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "अब्बू, आज माझ्या दुकानातला माल संपला. पाच गिऱ्हाईकं परत गेली." घरातले सगळे हसले. भाईजान मात्र हसले नाहीत. त्यांनी सवयीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "दुकानाला भांडवल कुठून आणलंस?" मुलगा म्हणाला, "वाळू खणून."

हे दुकान माइनक्राफ्ट नावाच्या ऑनलाइन खेळातले होते. आज अनेक घरांत मुले हा खेळ खेळतात, आणि आपण मोठी माणसे "मोबाइल ठेव" यापलीकडे त्यात डोकावत नाही. आम्ही ठरवले की एकदा नीट बसून बघू. पुढचे काही दिवस आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, दुकान कसे उघडते, कसे चालते आणि कुठे फसते हे समजून घेतले. तेच इथे वाचकांसमोर ठेवत आहोत. मुलांना यातून दुकान नीट चालवता यावे, आणि मोठ्यांना मुलाला चार नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू.

खेळ काय आहे?

माइनक्राफ्ट हा स्वीडनमधील मोजांग या कंपनीचा खेळ. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाजारात आला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. या खेळातले जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, वाळू खणायची, त्यापासून वस्तू बनवायच्या आणि घर, किल्ला, शहर जे हवे ते बांधायचे.

एकट्याने खेळताना दुकानाची गरज पडत नाही. पण अनेक खेळाडू एकाच सर्व्हरवर, म्हणजे एकाच सामायिक जगात आले, की बाजार आपोआप उभा राहतो. एकाला खणायला आवडते, दुसऱ्याला बांधायला. बांधणाऱ्याला हजारो काचा लागतात, पण वाळू खणायचा त्याला कंटाळा असतो. इथेच दुकानदाराची जागा तयार होते.

चलन कोणते? अनेक सर्व्हरवर हिरे हेच चलन असते. हिरा खोल खाणीत सापडतो, मेहनतीने मिळतो, आणि हत्यारे बनवायला सगळ्यांनाच लागतो, म्हणून तो सगळे स्वीकारतात. २०१२ पासून चालणाऱ्या हर्मिटक्राफ्ट या प्रसिद्ध सर्व्हरवर व्हिडिओ बनवणारे खेळाडू आपापली दुकाने टाकतात आणि हिऱ्यांत व्यवहार करतात. त्यांचे व्हिडिओ बघून जगभरच्या मुलांना दुकानाची कल्पना सुचली. दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर सर्व्हरचे स्वतःचे नाणे असते. ते हातात दिसत नाही, बँकेच्या खात्यासारखा नुसता आकडा दिसतो.

काय विकावे?

नव्या दुकानदाराची पहिली चूक इथेच होते. त्याला वाटते, महाग वस्तू विकली की लवकर श्रीमंत होऊ. पण महाग वस्तू गिऱ्हाईक एकदाच घेतो. किराणा दुकान रोज चालते, कारण साखर-चहा रोज संपतो. खेळातही तसेच आहे. जे संपते किंवा फुटते, ते विकावे.

काच घ्या. भट्टीत वाळू टाकली की काच बनते. साध्या हाताने किंवा साध्या हत्याराने काढायला गेलो तर काच फुटते, परत मिळत नाही. म्हणून बांधकाम करणारा पुन्हा पुन्हा येतो. आता हिशोब बघा. एका गठ्ठ्यात ६४ काचा. त्यासाठी ६४ वाळू आणि ८ कोळसे लागतात, कारण एका कोळशावर आठ वस्तू भाजल्या जातात. एक वस्तू भाजायला दहा सेकंद लागतात. म्हणजे एकाच भट्टीत पूर्ण गठ्ठा व्हायला १० मिनिटे ४० सेकंद जातात. पण आठ भट्ट्या लावून प्रत्येकीत आठ वाळू आणि एक कोळसा टाकला, तर तेच काम ८० सेकंदांत होते. आमच्या पुतण्याने हे स्वतः शोधून काढले होते. शाळेतले काळ-काम-वेगाचे गणित मात्र त्याला अजून अवघड जाते!

दुसरे उदाहरण रॉकेटचे. खेळात पुढे गेलेले खेळाडू पाठीवर 'इलिट्रा' नावाचे पंख लावून उडतात, आणि वेग घेण्यासाठी त्यांना रॉकेट लागते. एक कागद आणि एक बारूद यांपासून तीन रॉकेट बनतात. कागद उसापासून होतो. जास्त वेळ उडवणारे रॉकेट हवे असेल तर त्याच एका कागदाला तीन बारूद लागतात, आणि रॉकेट तीनच मिळतात. म्हणजे बारूदाचा खर्च तिप्पट. म्हणून दोन्हींचा भाव वेगळा ठेवावा आणि पाटीवर कोणते रॉकेट आहे ते स्पष्ट लिहावे. एकाच्या भावात दुसरे खपवणे म्हणजे भेसळ.

सुरुवातीला एक किंवा दोनच वस्तू ठेवा. "काच हवी असेल तर त्याच्याकडे मिळते" अशी ओळख झाली की अर्धे काम झाले.

जागा आणि सुरक्षा

सर्व्हरवर नवा खेळाडू ज्या जागी पहिल्यांदा उतरतो त्याच्या आसपास किंवा ठरवून दिलेल्या बाजारपेठेत दुकान असावे. लांब डोंगरावर सुंदर दुकान बांधले तर कौतुक होईल, विक्री होणार नाही. दुकान लहान असले तरी चालेल, पण आत उजेड हवा. या खेळात अंधारात राक्षस निर्माण होतात, आणि दारातच गिऱ्हाईक मेले तर पुन्हा कोण येईल?

बांधण्याआधी जागा आपल्या नावावर करून घ्यावी. अनेक सर्व्हरवर त्यासाठी सोय असते. ग्रीफप्रिव्हेन्शन नावाच्या जोड-प्रणालीत सोन्याच्या फावड्याने जमिनीचे दोन कोपरे दाखवले की तेवढी जागा आपली होते, मग दुसऱ्याला तिथे तोडफोड करता येत नाही. ही सोय नसेल तर एक चोरी लक्षात ठेवा. हॉपर नावाचे एक नरसाळे असते. ते पेटीच्या खाली बसवले की पेटीतला माल आपोआप खाली ओढून घेते. चोर जमिनीखालून भुयार खणतो आणि तुमच्या गल्ल्याखाली हॉपर लावतो. वरून सगळे ठीक दिसते, गल्ला मात्र रिकामा! म्हणून गल्ल्याच्या खाली काय आहे ते अधूनमधून खणून बघावे, आणि रोजची कमाई रोज घरी न्यावी. बाजारातला कोणता दुकानदार रात्री गल्ला भरलेला ठेवून जातो?

दुकान मांडण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत विश्वासाची. दोन पेट्या ठेवायच्या, एकीत माल, दुसरीत गल्ला. वर पाटी: "काच, एक गठ्ठा, एक हिरा." गिऱ्हाईक येतो, हिरा गल्ल्यात टाकतो, गठ्ठा घेऊन जातो. दुकानात कोणी बसलेले नसते. ही पद्धत मोबाइलवरही चालते, मित्रांच्या छोट्या जगातही चालते. समोर चौकटीत विकायची वस्तू टांगून ठेवली की भाषा न येणाऱ्यालाही कळते. २०२३ पासून पाटीवरचा मजकूर नंतर बदलता येतो, त्यामुळे कोणी खोडसाळपणे भाव बदलू शकतो. उपाय सोपा आहे. पाटीला मधाच्या पोळ्याचे मेण लावावे, मग मजकूर पक्का होतो.

दुसरी पद्धत यंत्राची. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीच्या अनेक सर्व्हरवर चेस्टशॉप नावाची सोय असते. पेटीवर पाटी लावायची आणि चार ओळी भरायच्या. पहिली ओळ रिकामी सोडायची, तिथे आपले नाव आपोआप येते. दुसरीत नग किती ते. तिसरीत भाव. गिऱ्हाईकाने आपल्याकडून घेण्याचा भाव इंग्रजी बी अक्षरापुढे, आणि आपण त्याच्याकडून विकत घेण्याचा भाव एस अक्षराबरोबर. चौथ्या ओळीत वस्तूचे नाव. नेमके नाव माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून सोय लावता येते. एकदा पाटी स्वीकारली गेली की आपण झोपलेलो असतानाही पाटीवर क्लिक करून गिऱ्हाईक माल घेतो आणि पैसे आपल्या खात्यात येतात.

इथे एक इशारा. विकण्याचा आणि घेण्याचा भाव लिहिताना अदलाबदल झाली, किंवा एक शून्य चुकले, तर काही मिनिटांत दिवाळे निघते. दहाला विकून बाराला परत घेणारी पाटी लागली की हुशार गिऱ्हाईक तुमचाच माल तुम्हाला विकत बसतो. म्हणून पाटी लावल्यावर मित्राला एक नग घ्यायला सांगावे. बोहनी मित्राच्या हातून झालेली बरी.

भाव कसा ठरवावा?

आधी बाजारात फेरी मारा. तीच वस्तू इतर कोण विकतो, कितीला विकतो, त्याच्या पेटीत माल आहे की नाही हे बघा. पाटी स्वस्त असून पेटी रिकामी असेल तर तो भाव खरा नव्हे. मग आपला वेळ मोजा. अर्धा तास खाण खणून जेवढे हिरे मिळतात, त्याहून कमी हिरे अर्ध्या तासाच्या काचेला मिळत असतील, तर काच विकण्यापेक्षा खाण खणलेली बरी.

भाव कायम राहत नाही हेही मुलांना इथे कळते. एखाद्याने लोखंड आपोआप तयार करणारे मोठे शेत उभारले की दुसऱ्या दिवशी लोखंडाचा भाव पडतो. ज्याने पेट्या भरून लोखंड साठवले होते तो बसतो कपाळाला हात लावून. हिऱ्यांचेही तसेच. नशीब वाढवणारी जादू केलेल्या कुदळीने हिऱ्याच्या एका खाणठोकळ्यातून सरासरी एकाहून जास्त हिरे निघतात. सगळ्यांकडे अशी कुदळ आली की बाजारात हिरे वाढतात आणि वस्तू महाग होतात. महागाई म्हणजे काय, हे आम्ही पुतण्याला समजावणार होतो, उलट त्यानेच आम्हाला समजावले.

माल भरून ठेवणे हे सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. जोड-पेटीत ५४ खाने असतात, म्हणजे ६४ च्या हिशोबाने ३,४५६ काचा मावतात. दोनदा रिकामी पेटी बघितली की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही. भागीदार घ्यायचा असेल तर कोण काय आणणार आणि कमाई कशी वाटणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. मुलांची बरीच भांडणे इथूनच सुरू होतात. मोठ्यांचीही!

पंखांची गोष्ट

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर ज्या पंखांचा उल्लेख केला, ते दुर्मीळ असतात आणि झिजतात. नवे पंख साधारण सात मिनिटे उडतात, नंतर दुरुस्त करावे लागतात. किती झिजले हे वस्तूखालच्या एका बारीक रंगीत रेघेवरून कळते. मोबाइलच्या लहान पडद्यावर ती रेघ चटकन लक्षात येत नाही.

आमच्या पुतण्याने काय केले? चौकटीत नवे पंख टांगले, पेटीत जवळजवळ संपलेले ठेवले, आणि २४ हिऱ्यांना विकले. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने त्याने आम्हाला सांगितले, "चाचा, आज एकाला मस्त बनवलं."

दोन दिवसांनी सर्व्हरच्या गप्पांत घेणाऱ्याचा निरोप आला. तो पाचवीतला मुलगा निघाला. दोन आठवडे खणून त्याने ते हिरे जमवले होते. पंख लावून तो लाव्हारसाच्या समुद्रावरून उडत होता, मधेच पंख बंद पडले, तो खाली पडला आणि अंगावरचे सगळे सामान जळून गेले. त्याने शिव्या दिल्या नव्हत्या. एवढेच विचारले होते, "दादा, पंख जुने होते का?"

भाईजानला हा खेळ कळत नाही. पण हे त्यांना एका क्षणात कळले. ते म्हणाले, "फाटलेलं कापड घडीच्या आत लपवून विकलंस तू." मुलगा म्हणाला, "अब्बू, खेळच आहे ना! सगळेच करतात." भाईजान शांतपणे म्हणाले, "खेळच आहे, तर मग त्याला लिही ना की पंख जुने होते. लिहायला काय हरकत आहे?" मुलगा गप्प झाला. बराच वेळ त्याचा हात कीबोर्डवर गेला नाही.

आम्हाला वाटते, सगळी गोष्ट या एका क्षणात आहे. काच खोटी, हिरे खोटे, दुकान खोटे. पण पडद्यापलीकडे बसलेला मुलगा खरा होता, त्याचे दोन आठवडे खरे होते आणि त्याचा विश्वासही खरा होता. मापात मारू नये, मालातला दोष लपवू नये, हे आपल्या घरात मुले लहानपणापासून ऐकतात. पण ते ऐकलेले वापरून बघायची संधी त्यांना मिळते कुठे? मोठ्यांच्या दुकानात त्यांना कोणी गल्ल्यावर बसवत नाही. या खेळात ते पहिल्यांदा मालक होतात, आणि पाहणारे कोणीच नसते.

त्याच न्यायाने आणखी दोन गोष्टी टाळाव्यात. एक म्हणजे 'नशिबाची पेटी': इतके हिरे द्या, आत काय निघेल ते नशीब. हा व्यापार नाही, जुगाराची सवय आहे, खेळातल्या हिऱ्यांचा असला तरी. दुसरी म्हणजे खेळातल्या बिघाडाचा फायदा घेऊन एका वस्तूच्या दोन प्रती करणे. ते नकली नोटा छापण्यासारखेच आहे. त्याने सगळ्यांचा बाजार बुडतो, आणि बहुतेक सर्व्हर असा खेळाडू कायमचा काढून टाकतात.

रुपया मधे आला की थांबा

खेळातल्या वस्तूसाठी कोणी खरे पैसे मागत असेल, किंवा देऊ करत असेल, तर मुलाने तिथेच थांबून घरी सांगावे. आधी पैसे पाठवा, मग वस्तू देतो, असे म्हणणारा अनोळखी माणूस वस्तू देईलच याची हमी कोणी घेत नाही. शिवाय सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचा असतो. उद्या त्याने तो बंद केला तर दुकान, हिरे सगळे एका रात्रीत जाते. पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या वस्तू विकू नयेत, असे मोजांगने २०१४ मध्येच सर्व्हर चालवणाऱ्यांना बजावले होते.

"तुझ्या वस्तूचे पैसे पाठवतो, फक्त पिन टाक" असे कोणी म्हटले तर ती फसवणूकच समजावी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागते. खात्याचा पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मित्रालाही देऊ नये. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पालकांनी काय करावे?

मुलाच्या शेजारी एक दिवस बसा आणि विचारा: माल कुठून आणतोस? भाव कसा ठरवलास? गिऱ्हाईक कोण आहेत, त्यांना तू ओळखतोस का? कोणाला कधी फसवलंस का, आणि तुला कोणी फसवलं का? शेवटचे दोन प्रश्न रागावून विचारू नका, नाहीतर उत्तर मिळणार नाही. लहान मुलाचे खाते मायक्रोसॉफ्टच्या कुटुंब सोयीतून उघडावे. तिथे अनोळखी लोकांशी खेळणे आणि बोलणे पालकांना बंद-चालू करता येते. आणि दुकानाची वेळ ठरवून द्या. खरे दुकानही चोवीस तास उघडे नसते. आमच्या घरी मगरिबची अजान झाली की त्याचे शटर खाली येते.

पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. पुतण्याने अखेर लिहिले की पंख जुने होते. २४ हिरे परत केले. जळालेल्या सामानाचे काय करायचे, हे भाईजानने त्याच्यावरच सोडले. दोन दिवस विचार करून त्याने आपली हिऱ्याची कुदळ त्या मुलाला दिली. दुकान अजून चालू आहे. कमाई पूर्वीपेक्षा थोडी कमीच आहे. पंखांच्या पेटीवर आता नवी पाटी आहे, मेण लावून पक्की केलेली: "वापरलेले. अर्धे शिल्लक. आधी बघा, मग घ्या."